चालकाच्या चुकीमुळे झालेला विलंब

आमच्या कार्यालयात दोन वस्तूंची तुलना करायची झाली तर त्यासाठी एकच छापील नमुना आहे, आणि तो पंपांचा आहे. खातं पाणीपुरवठ्याचं, त्यामुळे खात्याच्या जन्मापासून इथे तुलना झाली ती पंपांचीच. जुना पंप आणि नवा पंप असे दोन रकाने, आणि डावीकडे वरून खाली वजन, लांबी, आवाज, गळती, विजेचा वापर, काम पूर्ण होण्यास लागणारा वेळ वगैरे. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, 'चालकाच्या चुकीमुळे झालेला विलंब, असल्यास'. या नमुन्यावर मी दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना केली. एकदा नव्हे, दोनदा केली. असं करणारा खात्यातला मी पहिलाच, असं भांडारपालांनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं.

ग्राफिक्स कार्ड ही संगणकाच्या पोटात बसवलेली पंखा असलेली एक पट्टी असते, आणि पडद्यावर चित्र काढायचं काम ती करते. एवढं ज्ञान आता मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. नकाशा शाखेत मी एकवीस वर्षं आहे. शाईच्या पेनाने कापडी कागदावर नळांच्या रेषा मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि माझी रेषा पट्टी न लावताही सरळ येते हे माझे शत्रूसुद्धा मान्य करतात. दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की यापुढे नकाशे त्रिमितीत काढायचे, म्हणजे पंपघर पडद्यावर हवं तसं फिरवून बघता आलं पाहिजे. मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तेही शिकलो. पण माझ्या संगणकातलं कार्ड शिकायला तयार नव्हतं. पंपघर फिरव म्हटलं की आतला पंखा गळा काढायचा, पडदा पांढराफटक पडायचा, आणि मी खुर्ची मागे सरकवून भिंतीकडे बघत बसायचो. तेवढ्यात चहा पिऊन कप विसळून परत येता येतं, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

महिन्याच्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की नकाशे उशिरा येतात, कारण नकाशा शाखेचा हात आता जड झालाय. नकाशा शाखेत मी एकटाच आहे. त्यामुळे हात कोणाचा, हा प्रश्न कोणाला पडला नाही. मोटार विभागातला एक जण वहीत तोंड घालून हसला. मी उभा राहिलो आणि म्हणालो की साहेब, उशीर हाताचा नाही, कार्डाचा आहे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि तुलनात्मक अहवाल सादर करा म्हणाले. खाली बसताना मला आपण लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग मला कळलं की नवं कार्ड विकत घ्यायला तुलनेचा अहवाल लागतो, आणि तुलना करायला नवं कार्ड लागतं. याबद्दल मी साहेबांच्या लिपिकाला छेडलं तेव्हा तो म्हणाला, नियम असाच आहे, आणि आजवर कोणाची तक्रार नाही.

माझी मुलगी संगणकावर हलती चित्रं काढायचं शिक्षण घेते. तिने माझी कैफियत ऐकली आणि हसून सांगितलं की अशा तुलना लोकांनी कधीच करून ठेवल्यात. दोन मिनिटांत तिने तिच्या पडद्यावर आमच्या कार्यालयातलं जुनं कार्ड आणि आजचं कार्ड शेजारी शेजारी आणून दाखवलं. जुन्याच्या वेगाची रेघ बोटाच्या पेराएवढी आणि नव्याची पार पडद्याच्या टोकापर्यंत. मी ते छापून लिपिकाकडे नेलं. त्याने कागद उलटसुलट करून बघितला, सही कोणाची नाही म्हणाला, आणि परत दिला. चाचणी कार्यालयातच, कार्यालयाच्या यंत्रावर आणि कार्यालयाच्या नमुन्यात झाली पाहिजे.

तेव्हा माझी नजर मुलीच्या कार्डाकडे वळली. वळायला नको होती, पण वळली.

ते कार्ड तिचं स्वतःचं होतं. शनिवार-रविवार लहान मुलांना चित्रकला शिकवून दोन वर्षांत तिने ते घेतलं होतं, आणि घेतलं त्या दिवशी मला आणि तिच्या आईला हात लावू दिला नव्हता. त्याच कार्डावर ती सात मिनिटांचा एक चित्रपट करत होती. एक लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते, आत पाच अनोळखी माणसं असतात, आणि शेवटी दार उघडतं तोवर त्यांची एकमेकांशी ओळख झालेली असते, अशी गोष्ट. शहरातला एक मोठा स्टुडिओ त्या वर्षी कॉलेजातल्या एकाच मुलाला कामावर घेणार होता. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत चित्रपट पाठवायचा होता. अडीच मिनिटं तयार होती. उरलेल्याची रेखाटनं झाली होती, फक्त संगणकाने त्यातलं प्रत्येक चित्र रंगवून बाहेर काढायचं बाकी होतं, आणि ते तिच्या कार्डावर दोन दिवसांचं काम होतं. ती कॉलेजात पहिली आली काय, दहावी आली काय, मला सारखंच. पण हे काम तिला मिळावं असं मला मनापासून वाटत होतं, हे इथे सांगून ठेवतो. पुढचं वाचून कोणाला शंका येईल म्हणून.

मी एका दिवसापुरतं कार्ड मागितलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "गुरुवारी मी दिवसभर कॉलेजात आहे. संध्याकाळी सात वाजता मला ते इथे हवं, बाबा." गुरुवारी सकाळी तिने स्वतः ते काढलं, चकचकीत पिशवीत घातलं, वर तिचा लोकरीचा मफलर गुंडाळला आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. डबा मी हातात धरून नेला.

चाचणी मात्र देखणी झाली. कार्ड इतकं लांब की संगणकाचं झाकण लागेना, म्हणून ते काढून बाजूला ठेवलं. शिपायाने घड्याळ धरलं आणि मी पंपघर फिरवलं. जुन्या कार्डावर एक पूर्ण फेरी व्हायला चार मिनिटं चाळीस सेकंद लागली. नव्यावर पंचवीस सेकंद. शिपायाचा विश्वास बसेना, तेव्हा प्रत्येक कार्डावर तीन-तीनदा केलं. अकरा पटींहून थोडं जास्त. मी नमुना भरायला घेतला. गळती, दोन्हींत नाही. आवाज, जुन्याचा जास्त. काम पूर्ण होण्यास लागणारा वेळ, वर सांगितल्याप्रमाणे. आणि शेवटच्या ओळीत, 'चालकाच्या चुकीमुळे झालेला विलंब' याच्यासमोर, मी माझ्या सगळ्यात सुरेख अक्षरात 'निरंक' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांचा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

एकच रकाना रिकामा राहिला, 'जडसंग्रह क्रमांक'. कार्यालयातल्या प्रत्येक खुर्चीला, पंख्याला, कचऱ्याच्या डब्याला एक क्रमांक असतो आणि तो जडसंग्रहाच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. मुलीच्या कार्डाला तो कुठून असणार? मी भांडारपालांकडे गेलो. हे गृहस्थ स्वभावाने गरीब, पण नोंदवही उघडली की वेगळेच होतात. ते म्हणाले, क्रमांक नाही म्हणजे वस्तूच नाही, आणि जी वस्तू नाही तिच्याशी तुलना कसली? अहवाल परत येणार. मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनीच तोडगा काढला, की तात्पुरती नोंद करून टाकू.

इथे शहाण्या माणसाने कार्ड मफलरमध्ये गुंडाळून घरचा रस्ता धरला असता. मला दोन रेघा मारलेला तो 'निरंक' साहेबांच्या टेबलावर पोहोचलेला बघायचा होता. मी हो म्हणालो. एवढंच नव्हे, भांडारपालांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं म्हणून कार्डाच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक मीच घातला, आणि 'वस्तू सुस्थितीत मिळाली' याखाली सहीही मीच केली. अंक इतके रेखीव आले की शेजारच्या टेबलावरून माणसं बघायला आली.

संध्याकाळी कार्ड मागायला गेलो तर भांडारपालांनी खेदाने मान हलवली. नोंदवहीत 'तात्पुरती' असा रकानाच नव्हता. आणि एकदा आत आलेली वस्तू बाहेर जाते ती एकाच दाराने, म्हणजे निर्लेखन समितीच्या. समितीने वस्तू निरुपयोगी ठरवली की ती वहीतून कमी होते. यंत्रसामग्रीला त्यासाठी सात वर्षं वापर लागतो. मी त्यांना सकाळच्या बोलण्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "सकाळी मी तुमची अडचण बघितली. आता मला वही बघायला हवी." मी रिकामा मफलर घेऊन घरी आलो.

सात वाजता ती दारातच उभी होती. तिने मफलर उलगडला, झटकला, परत घडी केला. आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिने फक्त कधी मिळेल विचारलं. मी उद्या म्हणालो. ती आत गेली आणि खणातून तिचं जुनं कार्ड काढलं. दहावीत असताना मीच तिला ते आणून दिलं होतं, आणि ते नेमकं आमच्या कार्यालयातल्यासारखंच होतं. म्हणजे तुलना नव्याने करायची गरज नव्हती. दोन दिवसांचं काम आता बावीस दिवसांचं होणार होतं, आणि हातात आठ दिवस होते. मैत्रिणींची यंत्रं त्यांच्याच चित्रपटांना पुरत नव्हती आणि कॉलेजातली यंत्रं आमच्या कार्यालयापेक्षा म्हातारी होती. तिने कागदावर हिशेब मांडला आणि लिफ्टमधल्या कोणत्या माणसाला किती वेळ ठेवायचं याच्या खुणा करायला लागली. तेव्हापासून घरात त्या जुन्या पंख्याचा आवाज सुरू झाला, तो दिवसरात्र.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल वाचला. अकरा पटींवर त्यांनी भुवया उंचावल्या, आणि माझी छाती फुगली. मग त्यांनी खाली शेरा मारला, 'नवीन कार्ड कार्यालयात उपलब्ध झाल्याने मागणी निकाली'. मी सांगितलं की ते माझ्या मुलीचं आहे. साहेब म्हणाले, मग ती देणगी झाली, आणि लिपिकाला बोलावून आभाराचं पत्र सांगितलं. पत्रात माझ्या मुलीचा उल्लेख 'एक दानशूर नागरिक' असा होता. ते मी घरी नेलं. बायकोने ते वाचलं, परत वाचलं, आणि त्यावर भाजी निवडली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त लेखापरीक्षक राहतात. सगळी इमारत त्यांना आक्षेपकाका म्हणते, कारण जिन्यातल्या दिव्यापासून लोकांच्या मुलांच्या नावांपर्यंत त्यांचा सगळ्याला आक्षेप असतो. रविवारी मी त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधेमधे तारखा विचारल्या, आणि शेवटी डोळे मिटून समाधानाने मान डोलावली. बाहेरची वस्तू क्रमांक घातल्याशिवाय कार्यालयात वापरू नये, हा नियम त्यांच्याच एका आक्षेपावरून झाला होता. कुठल्याशा कार्यालयात कोणीतरी घरचा टेबलपंखा आणला होता आणि तो बदलीच्या वेळी परत नेला होता. काकांनी ते प्रकरण चार वर्षं लढवलं. इतक्या वर्षांनी नियम अजून पाळला जातोय हे ऐकून त्यांना भरून आलं आणि त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन मी वर आलो. सल्ला काही मिळाला नाही.

त्या दिवसांत दुरुस्तीच्या दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत ज्याने त्याने मला उपाय सांगितले. एकाने पोलिसांत जा म्हटलं. एकाने वर्तमानपत्रात छापून आणा म्हटलं. दंतवैद्याने तर मला तोंड उघडं ठेवायला लावून सांगितलं की सरळ उचलून आणायचं, कोण बघतं; आणि तोंडात आरसा असल्यामुळे एकवीस वर्षांची निष्कलंक सेवा म्हणजे काय हे मला त्याला सांगता आलं नाही.

सोमवारी सकाळी भांडारपाल आपणहून माझ्या टेबलाशी आले. मी आधीच सांगितलं, माणूस वाईट नाही. त्यांनी दोन रात्री विचार केला होता. इकडे तिकडे बघून त्यांनी पंपांचा एक कोरा नमुना माझ्यासमोर ठेवला.

"तुमच्या अहवालाने ते आत बसलंय," ते म्हणाले. "तुमच्याच अहवालाने बाहेर येईल. फेरचाचणी घेतली म्हणून लिहा. कार्ड कामाचं नाही असं दाखवा. तसा अहवाल असला की सात वर्षांची अट लागत नाही, मी नियम काढून बघितलाय. समिती मंगळवार आणि शुक्रवार, तीन वाजता बसते. उद्या सकाळपर्यंत दिलंत तर मी ते लगेच पुढे ठेवतो आणि संध्याकाळी घरी घेऊन जा."

मी नमुना वाचायला लागलो आणि मला आश्चर्य वाटलं. पंपाच्या मापाने नवं कार्ड खरोखरच वाईट होतं. वजन तिप्पट. लांबी इतकी की झाकण लागत नाही. विजेचा वापर दुपटीहून जास्त. यात खोटं काहीच लिहायचं नव्हतं. अडचण फक्त वेळेची होती. नवं कार्ड चांगलं नाही म्हणायचं तर जुन्या कार्डाला लागलेली ती चार मिनिटं चाळीस सेकंद कुठून आली, याचं उत्तर द्यायला हवं. त्या उत्तरासाठी नमुन्यात एकच जागा होती, सगळ्यात खाली.

मी भांडारपालांना म्हणालो, बघतो.

कोरा नमुना मी घरी नेला. जेवणाआधी वरचे सगळे रकाने भरले. शेवटच्या ओळीवर आलो आणि पेन थांबलं. मला बैठकीतला तो वहीत घातलेला चेहरा दिसला. हात जड झालाय, असं साहेब म्हणाले होते, आणि आता त्याखाली सही माझी. आतल्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता. मी नमुन्याचे चार तुकडे केले, आणि ते तुकडे बायकोला दिसू नयेत म्हणून खिशात ठेवले. मंगळवारी समिती बसली. तिने दोन मोडक्या खुर्च्या आणि एक पंप निरुपयोगी ठरवला आणि उठली.

मंगळवारी आणि बुधवारी मी जी धावपळ केली ती कोणी पाहिली असती तर मुलीसाठी बाप किती झिजतो असंच म्हणाला असता. नजरचूक दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं की चूक झाली असल्यास ती करणाऱ्याने कबूल करावी, आणि नोंदीखाली सही माझीच होती. देणगी मागे घेण्याचा अर्ज केला. तो आभाराचं पत्र मूळ प्रतीत जोडलेलं नाही म्हणून परत आला. मूळ प्रतीवर भाजीचे डाग होते. मुख्य कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पाच खिडक्या फिरवून शेवटी मला आमच्याच भांडारपालांना भेटायला सांगितलं. प्रत्येक खिडकीवर मी तावातावाने बोललो. प्रत्येक वेळी मनात ठाऊक होतं की एक कागद लिहिला की काम होतं, आणि तो कागद सोडून मी बाकीचे सगळे लिहीत होतो.

बुधवारी संध्याकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तिला चार तुकडे सापडले होते आणि ते तिने ओट्यावर जुळवून ठेवले होते. शेवटची ओळ रिकामी होती तरी तिला सगळं कळलं. वीस-बावीस वर्षं बायको असली की रिकामी ओळसुद्धा वाचता येते.

"तुमची रेषा सरळ आहे, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "आता ते कार्ड आणा."

मी विचारलं, हे मुलीला दाखवलंस का? ती म्हणाली, मी का दाखवू?

आत मुलगी पडद्यासमोर बसली होती. तिने दार उघडतं तो शेवट काढून टाकला होता. पाचांपैकी दोन माणसं लिफ्टमध्ये आता चढतच नव्हती. राहिलेली तिघं ओळख व्हायच्या आतच संपत होती, आणि ती त्यातल्या त्यात बरी जागा शोधून चित्रपट कुठे तोडावा हे बघत होती. माझी चाहूल लागल्यावर तिने मान न वळवता विचारलं, काही झालं का? मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत.

गुरुवारी मी लिहिलं. अक्षर मुद्दाम साधं ठेवलं, तरी ते चांगलंच आलं. 'फेरचाचणीअंती असे दिसून आले की नवीन कार्डाचे वजन, लांबी व विजेचा वापर कार्यालयास परवडणारा नाही. पहिल्या चाचणीत जुन्या कार्डावर लागलेला जादा वेळ हा कार्डाचा नसून चालकाच्या चुकीमुळे झालेला विलंब होय. चालकाचा हात वयोमानाने संथ आहे.' शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. पण लिहायचंच तर पूर्ण लिहावं, अशी मला सवय आहे.

शुक्रवारी तीनला बसणारी समिती साडेतीनला बसली. अहवाल मला उभं राहून वाचायला लावला. वाचून झाल्यावर साहेब बाकीच्या दोघांना म्हणाले की मी हे मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. आवाजात राग नव्हता. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा साधा आनंद होता, आणि तो मला रागापेक्षा जास्त लागला. मोटार विभागातला माणूस या वेळी हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. कार्ड निरुपयोगी ठरलं. एका कार्डासाठी भंगारवाला येत नसल्याने, ज्याने आणलं त्याने ते स्वखर्चाने न्यावं असा ठराव झाला. जाता जाता दुसरा ठराव झाला, की संथ हाताच्या कर्मचाऱ्याला नकाशांवर न ठेवता एक तारखेपासून टपालाच्या आवक-जावक टेबलावर बसवावं. मी दोन्हींवर सही केली. भांडारपालांनी कार्डावर लाल शिक्का मारला आणि माझे दोन्ही हात धरले.

बस मिळेना म्हणून अर्धी वाट मी चालत, खरं म्हणजे पळत आलो. घरात शिरलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. कार्ड आणि अहवालाची प्रत एकाच लिफाफ्यात होती. जिन्यात थांबून मी प्रत बाहेर काढून वर ठेवली, म्हणजे ती आधी हाताला लागेल. हे मी का केलं ते लपवत नाही. बापाने काय लिहून दिलंय हे तिने वाचावं असं मला वाटत होतं.

तिने कार्डाकडे बघितलं, लाल शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि मला वाटलं होतं तसाच कागद हातात घेतला. उभ्या उभ्या वाचला. वाचताना चालकाच्या ओळीपाशी ती थांबली. मी वाट बघत होतो. तिचे डोळे भरून येतील, निदान ती बाबा म्हणेल, इतकी अपेक्षा मी वाटभर पळताना करून ठेवली होती.

तिने कागद उलटा करून मागचा समितीचा शिक्का बघितला, त्यात तारीख होती आणि बैठकीचे वारही.

"ही समिती मंगळवारीसुद्धा बसते ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग हे तुला सोमवारी सुचलं नव्हतं?"

माझ्याकडे उत्तरं होती. अर्ज होते, पोचपावत्या होत्या, मुख्य कार्यालयाच्या पाच खिडक्या होत्या. तिने एकही मागितलं नव्हतं. ती खरंच विचारत होती, आणि माझ्या तोंडून नाही निघालं असतं तर तिने ते मानलंही असतं.

"सुचलं होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. मी कार्ड पुढे केलं, तर ती म्हणाली, आता ते बसवायला मशीन बंद करावं लागेल आणि चालू असलेलं चित्र जाईल, राहू दे. आवाज नेहमीचाच होता. तिने कार्ड टेबलाच्या कडेला सरकवलं, कडेवरून पडेल म्हणून पुन्हा थोडं आत घेतलं, आणि पडद्याकडे तोंड करून बसली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. सहाला पाच कमी असताना आतला पंखा थांबला, म्हणजे जेवढा झाला तेवढा चित्रपट तिने पाठवला असणार. ती बाहेर येईल म्हणून मी उठून उभा राहिलो, पण दार उघडलं नाही.